श्रावण हसला की चित्र चालायचे

देवळीच्या श्रावण लोणकरने मला फसवले. वर्षानुवर्षे, माझ्याच तंबूत, माझ्या डोळ्यांसमोर फसवले. दुसऱ्या कुणी हे केले असते तर त्याला भरबाजारात गाठून जाब विचारला असता. मला फसवून सुखाने घरी गेलेला माणूस वर्धा जिल्ह्यात अजून तरी कुणी पाहिलेला नाही. पण श्रावण माझा शाळेपासूनचा मित्र होता, आणि गेल्या महिन्यात छातीत कळ येऊन तो गेला. गेलेल्या माणसाकडे जाब मागता येत नाही म्हणतात. मग जिवंतांपैकी कुणीतरी तो दिला पाहिजे.

या रविवारच्या पुरवणीच्या संपादकांनी माझ्याकडे मागितले होते ते वेगळेच. हल्ली विनोदी आणि भुताखेतांची चित्रे फार येऊ लागली आहेत, तुम्ही इतकी वर्षे फिरते टॉकीज चालवता, तेव्हा त्यांत करमणूक किती आणि नुसता गोंगाट किती ते आमच्या वाचकांना सांगा, असे त्यांचे म्हणणे. मी लगेच होकार दिला, कारण तेव्हा मला सांगायला श्रावण होता. आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत माझी पारख म्हणून जी काही बोलली जाते, ती त्याच्या हसण्यावर आणि घाबरण्यावर उभी होती.

बातमी आली तेव्हा मी अमरावतीला एका वितरकाच्या पेढीवर बसलो होतो. सौदा भुताच्या चित्राचा होता. पडकी गढी, वाऱ्याने विझणारी मेणबत्ती, पांढऱ्या लुगड्यातली बाई, आणि शेवटी ती बाई भूत नसून इस्टेटीसाठी सोंग घेतलेली पुतणी निघते, अशी ती गोष्ट. मुनीम सांगत होता आणि मी तोंड वाकडे करून ऐकत होतो, कारण तोंड वाकडे केल्याशिवाय भाव उतरत नाही. "पुतणी निघाली की लोकांना ठकवल्यासारखं वाटते," मी म्हटले. "भूत दाखवता तर भूतच राहू द्या ना." मुनीम म्हणाला, "मारोतराव, नागपुरात बाया बेशुद्ध पडल्या या पिच्चरला." मी म्हटले, "नागपूरच्या बायांचं मले नका सांगू. आमचा श्रावण घाबरला तर मानीन." एवढ्यात माझा ऑपरेटर दारात उभा दिसला. त्याला देवळीहून मोटारीने पाठवले होते. तो आत येईना, बोलेना. मी त्याच्यावर ओरडलो, इंजिन बिघडले असेल तर सांग, उभा काय राहतोस. "इंजिन चांगलं आहे मालक," तो म्हणाला, "श्रावणभाऊ गेले..." मी पोहोचलो तोवर सगळे उरकले होते आणि लोक ओल्या अंगाने घराकडे परतत होते.

श्रावणचे देवळीत सायकलदुरुस्तीचे दुकान. मी पूर्वी दुसऱ्याच्या तंबूबाहेर फुटाणे विकत असे आणि पुढे तोच तंबू, फाटका, विकत घेतला, हे जिल्ह्याला ठाऊक आहे. पहिल्याच मोसमात एक विनोदी चित्र आणले. एक लठ्ठ माणूस नवरीच्या वेषात लग्नमांडवात शिरतो, त्याचा पदर खांबाला अडकतो आणि अख्खा मांडव त्याच्यामागे ओढला जातो. मला वाटले, लोक लोळतील. लोक आपापल्या पोत्यांवर बसून इतके गंभीर चेहरे करून पाहत होते की जणू खरेच कुणाचे लग्न मोडते आहे. मी कनातीपाशी उभा राहून तंबूत घातलेले पैसे मनात मोजत होतो. तेवढ्यात मधल्या खांबापाशी बसलेला श्रावण हसला. ते हसणे ज्यांनी ऐकले नाही त्यांना कसे सांगावे? आधी घशात काही अडकल्यासारखा एक आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, नुसते खांदे हलायचे, आणि मग ट्यूबमधून हवा सुटावी तशी लांबच लांब शिट्टी. लोक त्याच्याकडे वळले, त्याला हसले, आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले ते हसत हसतच. मग कनातीपलीकडे बायकाही हसू लागल्या. ते चित्र देवळीत आठवडाभर चालले आणि माझा तंबू उभा राहिला तो तेव्हापासून.

त्या दिवसापासून मधल्या खांबापाशी श्रावणची जागा पक्की झाली. पहिला खेळ लागला की मी पडद्याकडे पाठ करून त्याचा चेहरा पाहत असे. त्यावरून मी शिकत गेलो. नायकाचा गमत्या मित्र गाणे म्हणू लागला की श्रावणचे खांदे थांबत, म्हणून तसली चित्रे मी सोडली. तोतऱ्या नोकराला तो एकदा हसे, दुसऱ्यांदा नाही. सासरा पाण्यात पडला की मात्र शिट्टी हमखास. मग मी सासरा पाण्यात पडणारी चित्रे शोधत फिरलो. वितरकाच्या पेढीवर मी आधी विचारायचो, यात विहीर आहे का, हौद आहे का? लोक मला वेडा म्हणत, आणि मोसम संपल्यावर माझ्याकडेच विचारायला येत की पुढल्या वर्षी काय आणावे.

भुताच्या चित्रांचेही तसेच. एकदा केसाळ हाताचे चित्र आणले होते. तो हात पलंगाखालून बाहेर येतो, एवढीच त्यात भीती. बाकी सगळी गाणी. हात बाहेर आला आणि नेमके तेव्हाच रीळ तुटले. तंबूत मिट्ट काळोख झाला आणि त्या काळोखात श्रावण "अगे माय वं" म्हणून असा ओरडला की बायकांची बाजू कनात पाडून बाहेर पळाली. एका म्हातारीने तर माझाच हात धरला आणि भुताचा समजून ती त्याला चावली. दुसऱ्या दिवशी तो खेळ पाहायला पुलगावहून माणसे आली. "काऊन बे, इतका भ्यालास?" मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मंग? हात होता ना तो." हाच श्रावण उन्हाळ्यात स्मशानाच्या वाटेवरच्या आपल्या दुकानात एकटा झोपत असे. माझ्या ते ध्यानात यायला हवे होते, असे आता लोक मला सांगतात. लोकांना सांगायला काय जाते...

एकदाच त्याचे आणि माझे यावरून वाजले. जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची गोष्ट. एका चित्राला तो खूप हसला होता आणि मी खुशीत होतो. खेळ सुटल्यावर सहज विचारले, "खरं सांग, आवडला का तुले?"

"हासलो ना मी."

"ते आयकलं साऱ्या देवळीनं. आवडला का, ते इचारून राह्यलो."

"मारोत्या, तुले हासणं पाह्यजे का आवडणं पाह्यजे, एक काय ते सांग. दोन्ही एका पासात नाई भेटत."

"फुकट पाहून वरून मलेच शिकवतं का बे?"

"मंग उद्यापासून तिकीट लावजो ना बाप्पा," असे म्हणून तो सायकलवर टांग टाकून गेला. मी दोन दिवस बोललो नाही. नव्या चित्राची पेटी आली तसा तो आपला खांबापाशी येऊन बसला आणि हसला. माझ्या लेखी विषय तिथेच मिटला.

आता अण्णासाहेबांविषयी. अण्णासाहेबांचे वर्ध्याला पक्क्या इमारतीतले टॉकीज आहे. पाठीच्या खुर्च्या, छताला पंखे, मध्यंतरात कपबशीत चहा. नवी चित्रे आधी त्यांच्याकडे लागतात; आमच्याकडे येईतो त्यांवर इतके ओरखडे पडलेले असतात की सगळ्याच चित्रांत पाऊस पडतो. वडील वकील, स्वतः शिकलेले, आवाज कधी चढत नाही. मला त्यांच्या पंख्यांचा हेवा वाटत असे, आणि तो मी लपवलाही नाही. पण मी चारचौघांत म्हणायचो, त्यांच्याकडे पंखे आहेत, माझ्याकडे श्रावण आहे.

श्रावणच्या तेरवीला अण्णासाहेब आले. देवळीच्या एका सायकलवाल्याच्या तेरवीला हे कशाला, असे मनात आले. पंगतीत ते माझ्याच शेजारी बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दर गुरुवारी यायचे आमच्याकडे. आता ती खुर्ची रिकामी दिसते."

"कोण यायचं?"

"श्रावणराव. मागच्या रांगेत, भिंतीकडेची खुर्ची. तिकीट काढून बसायचे. मी किती म्हटलं, तुम्ही आपले, तिकीट कशाला? ऐकायचे नाहीत."

गुरुवार म्हणजे श्रावणचा वर्ध्याहून ट्यूबा आणि छर्रे आणायचा दिवस. एवढेच मला ठाऊक. मी विचारले, "हसायचा?"

"छे हो. अगदी शांत. कधी डोळे पुसायचे. मध्यंतरात आम्ही चहा घ्यायचो, तेव्हा चित्राबद्दल इतकं सुंदर बोलायचे की मी पुन्हा आत जाऊन ते चित्र पाहायचो." मग ते म्हणाले, "तुमच्या तंबूबद्दल त्यांनी मला एकदा एक गोष्ट सांगितली होती, मारोतराव... पण राहू द्या. आज ती वेळ नाही."

मी पत्रावळ बाजूला सारली. माझ्याशी श्रावण चित्राबद्दल कधी चार वाक्ये बोलला नव्हता. मी पंगतीतून उठलो आणि आत श्रावणच्या बायकोकडे, यमुनावहिनींकडे गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. गुरुवारचे तुम्हाला माहीत होते का, असे विचारले.

"हाव," त्या म्हणाल्या. "तुमाले नव्हतं का ठाऊक, भाऊजी? अन् तुमच्या तंबूतला पह्यला खेळ झाला का दुसऱ्या दिवशी त्याईचा घसा बसे. मी मिठाचं पाणी करून देऊ. म्हणे मी, कायले हासता इतके, जीव जाईन एखांद्या दिवशी. तं म्हणत, मारोत्या कनातीपाशी उभा राह्यते, त्याचं तोंड पाह्यवत नाई."

वहिनी रडल्या नाहीत. मीच बाहेर येऊन कुणावर तरी ओरडलो, पाणी का वाढले नाही म्हणून.

पुढच्या गुरुवारी मी वर्ध्याला गेलो. तिकीट काढले आणि भिंतीकडेच्या त्या खुर्चीवर बसलो. चित्र विनोदी होते. निवृत्त झालेला एक म्हातारा स्टेशनमास्तर रोज फलाटावर जातो आणि नव्या मास्तराला गाड्या कशा सोडाव्यात हे शिकवतो. नवा मास्तर कंटाळून त्याच्या हातात जुनाच कंदील देऊन त्याला मालधक्क्यावर उभा करतो. कुणी पाण्यात पडत नाही. पाहायला समोर श्रावणचा चेहरा नव्हता, त्यामुळे मला पडद्याकडेच पाहावे लागले. ते चित्र मी माझ्या तंबूसाठी कधीही घेतले नसते. पण संपादकांना हवी होती म्हणून एवढी पारख देतो: हल्लीची विनोदी चित्रे बहुतेक लोकांच्या बरगड्यांत बोटे घालतात, आणि भुताची चित्रे मागून येऊन भों करतात. दोन्हींना गर्दी होते. पण जे चित्र पाहून श्रावण गप्प बसत असे त्यात काहीतरी असते, आणि ते माझ्या तंबूत मी कधी येऊच दिले नाही, असे मध्यंतरात दारापाशी उभ्या असलेल्या अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावर मला लिहिलेले दिसले. मला त्यांच्या पंख्यांचा हेवा आता वाटत नाही. त्या गप्प बसण्याचा वाटतो.

त्यांनी मला चहाला बोलावले. मी सरळ विचारले, "तंबूबद्दल काय म्हणाला होता?" ते म्हणाले, "विश्वासानं सांगितलेली गोष्ट आहे." मी म्हटले, "पवनार आणि सेलूला यंदा तंबू लावत नाही. तिकडचे सगळे लोक तुमच्याकडे येतील. बोला." ते चहा ढवळत राहिले. मी म्हटले, "वर्ध्याच्या या अंगालाच येत नाही, मग तर झालं?" तेव्हा ते म्हणाले, "मारोतराव, ही विकायची वस्तू नाही." आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस मला असा भेटला की ज्याला भावच नव्हता. त्यानंतर मी जे बोललो ते आतल्या प्रेक्षकांनीही ऐकले असावे, कारण दारावरचा माणूस धावत आला. कप माझ्या हातून फुटला. अण्णासाहेब म्हणाले, "राहू द्या." आजपर्यंत त्यांनी दोनदा भेट टाळली आहे.

म्हणून जाहीर विचारतो. अण्णासाहेब, श्रावण तुमचे गुरुवारचे गिऱ्हाईक होता, माझा तो जन्माचा मित्र होता. त्याचा एक शब्द तुम्ही स्वतःजवळ ठेवून घेतला आहे आणि त्यावर तुमचा हक्क नाही. घसा बसेपर्यंत तो माझ्यासाठी हसला, हे मला कळले. मला एवढेच हवे आहे की माझ्या तंबूत, त्या खांबापाशी, तो एकदा तरी स्वतःसाठी हसला होता का? नसेल, तर तसे सांगा. याहून वाईट सौदे मी पचवले आहेत. असेल, तर ते चित्र कोणते एवढे सांगा. वितरक मागेल तो भाव मी तोंड वाकडे न करता देईन आणि ते चित्र देवळीला लावीन. ही पुरवणी तुमच्याकडे दर रविवारी येते. दसऱ्याला माझा तंबू उभा राहतो. त्याच्या आत उत्तर द्या.