यांगत्से नदीवर कप्तान नाटेकर

कप्तान नाटेकर कुणाच्याही उघड्या दारात क्षणभर थांबत आणि "येऊ का?" विचारत. मीरा रोडला आमच्या शांती नगरातल्या किराणा दुकानाच्या पायरीवरसुद्धा. दुकानदार हसून म्हणे, "आओ ना कप्तानसाब, दुकान ही तो है." ते म्हणत, "दुकान तुझंच ना? मग विचारलेलं बरं."

दोन हजार सालानंतरच्या त्या काळात मी त्यांच्या जहाजावर चीफ ऑफिसर, म्हणजे त्यांच्या खालोखालचा अधिकारी होतो. माणूस रत्नागिरीचा. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. पण ते ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीत आले की सुकाणू धरणाऱ्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. यांगत्सेत शिरलो तेव्हा मला पलीकडचा काठच दिसेना. मी म्हटलं, हा तर समुद्रच की. ते म्हणाले, "नाही रे. समुद्रात माणूस हद्दीबाहेर पडतो. नदीत आपण सतत कुणाच्या तरी घरात असतो."

मी ते नुसतं ऐकलं. बंदरात कस्टमवाले जहाजावरच्या सिगारेटी-दारूच्या कोठाराला सील लावतात. खुल्या समुद्रात आलं की ते आपणच तोडायचं आणि खलाशांना वाटप करायचं, हा आमचा जुना रिवाज. नदीच्या मुखाशी सील लागलं. दुसऱ्या दिवशी खलाशी सिगारेटींसाठी भुणभुण करू लागले, आणि बंदर मागे पडलं या हिशेबाने मी सील तोडलं. कप्तानांना न विचारता.

वरच्या बंदरात ते उघडकीस आलं. तिथले अधिकारी म्हणाले, जहाज आमच्या पाण्यात आहे, माणूस आम्ही नेणार. तोवर मुखावरच्या कचेरीचे लोक मोटारीने येऊन थडकले. सील आमचं, तेव्हा माणूसही आमचा. आमच्याच जेवणाच्या टेबलावर दोन्ही कचेऱ्या समोरासमोर बसून भांडल्या. शेवटी दुभाष्याने विचारलं, सील तोडलं कुणी?

माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. मी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं.

कप्तानांनी चहाचा कप खाली ठेवला. "जहाजावर जे होतं ते माझ्या हुकमाने. मला न्या. कुणी न्यायचं ते तुम्ही मागाहून ठरवा, पण जहाज आज सुटलं पाहिजे." टेबलावरचा आरडाओरडा थांबला. इतक्या शांतपणे कुणी स्वतःला देऊन टाकतो, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं. जहाज माझ्यावर सोपवून शिडी उतरताना ते मला एवढंच म्हणाले, "उतरत्या पाण्यात वळणावर घाई करू नकोस."

कचेऱ्यांचा वाद मिटेपर्यंत त्यांना तिथेच अडकवून ठेवलं. कंपनीने पुन्हा जहाज दिलं नाही. मीरा रोडला कुजबुज पसरली, कप्तान चीनमध्ये स्मगलिंगमध्ये सापडला. मला कुणी विचारलं की मी "जाऊ दे, जुनं झालं," म्हणायचो. एकदा त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, खरं सांगून टाकतो. ते मटार सोलत होते. "आधी पोरीचं लग्न होऊ दे," म्हणाले. लग्न झालं, नातू शाळेत जायला लागला. मी दर रविवारी त्यांच्याकडे चहा पीत राहिलो.

ते गेल्यावर सोसायटीच्या शोकसभेत सेक्रेटरी म्हणाले, ती एक चूक सोडली तर माणूस मोठा होता. मी उठलो आणि म्हणालो, ती चूक माझी होती. सगळे माझ्याकडे वळले. मी नाटेकरवहिनींकडे पाहिलं.

"बसा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ते घरी आले त्याच दिवशी मला सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, तुला ठाऊक आहे हे त्याला कळू देऊ नकोस. लाजेने यायचा बंद होईल."