जॅकलिनला मराठी येत नाही

मरोळच्या गावठाणात, चर्चच्या मागच्या गल्लीत रोझारिओंचं घर आहे. त्या घरातली जॅकलिन अंधेरीच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिच्याविषयी एक गोष्ट कॉलेजात सगळ्यांना पक्की ठाऊक होती. तिला मराठी येत नाही. आता रोझारिओंच्या घरात भांडण, प्रार्थना, मासळीचा भाव आणि शेजाऱ्यांच्या चहाड्या हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या मराठीतच चालत आलंय, पण ते कॉलेजला कोण सांगणार?

सांगायला हवं होतं ते जॅकलिननेच. पण पाचवीत असताना तिने एकदा हात वर करून ‘मना येतं, टीचर’ म्हटलं होतं. ‘मला’ नव्हे, ‘मना’. घरी सगळे तसंच म्हणतात. वर्ग खो खो हसला, बाईही तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून पोरीची मराठी उंबऱ्याच्या आतच राहिली.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी अनिरुद्धने तिचं नाव विचारलं. हा अनिरुद्ध म्हणजे कुठल्याही घोळक्यात पाच मिनिटांत पुढारी होणारा. नाव ऐकताच त्याने बाकीच्यांना बजावलं, की इंग्लिशमध्ये बोला रे, हिला कळणार नाही. बोलला तो चांगल्या मनानेच. जॅकलिन नुसती हसली, आणि त्या हसण्यात फसली. चार दिवसांनी खरं सांगावं, तर इतके दिवस गप्प का होतीस, हा प्रश्न आला असता. महिन्याने सांगणं तर अशक्यच झालं. अशी खोटी गोष्ट कुणी मुद्दाम सांगत नाही, ती नुसती खोडून काढायची राहून जाते.

मग काय, लोक तिच्यासमोर काहीही बोलू लागले. घोळक्यातला विकी तिच्या डब्यातले फुगे, म्हणजे गोडसर तळलेले गोळे, तिच्याच समोर मोजून कोणी किती ढापायचे ते ठरवायचा. तिच्या वाढदिवसाचा गुपचूप बेत तर तिच्या पुढ्यातच शिजला. केक कुठला आणायचा यावर तावातावाने वाद झाला, चॉकलेटचा हरला आणि अननसाचा जिंकला, आणि ही बिचारी तोंड मिटून बसलेली. दुसऱ्या दिवशी तिने आश्चर्याचं जे सोंग वठवलं त्याला खरं तर बक्षीस द्यायला हवं होतं.

पण हे सगळं गमतीचं. गंमत नव्हती ती तेजलची.

तेजल त्या घोळक्याची जान. दिंडोशीला काकांकडे राहायची, आई तिकडे संगमनेरला नोकरीला. कॉलेजात सगळ्यांची नक्कल करणार, सगळ्यांना नावं ठेवणार, हिच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. तीच तेजल मधल्या सुट्टीत लायब्ररीमागच्या जिन्यावर जाऊन आईला फोन करायची, आणि जाताना एकट्या जॅकलिनला ओढून न्यायची. जॅकलिनच्या खांद्यावर डोकं टेकवून ती आईशी मराठीत बोलायची. काकू घालून पाडून बोलते, कॉलेजात हसवत राहिलं नाही तर कुणी विचारणार नाही अशी भीती वाटते, असलं सगळं. जॅकलिन समोरच्या भिंतीकडे बघत बसायची आणि तिचा जीव तीळ तीळ तुटायचा.

हिवाळ्यातल्या एका दुपारी तेजल रडत रडत आईला म्हणाली, “इथे माझं असं कोणी नाही गं आई. एकसुद्धा नाही.”

डोकं जॅकलिनच्याच खांद्यावर होतं. फोन बंद झाला, तेजलने नाक पुसलं, आणि नेहमीसारखं इंग्लिशमध्ये म्हणाली की चल, वर्गात जाऊ. जॅकलिनला उठवेना. गप्प राहिलं तर आपण तिच्यासाठी नुसती टेकायची भिंत, बोललं तर तिची रडायची एकुलती एक जागा जाणार. तिला दोन्ही कळत होतं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं.

“मी हाय ना गो.”

तेजलने मान उचलली. कधीपासून कळतं, म्हणून तिने विचारलं, आणि पहिल्या दिवसापासून, असं उत्तर आलं. तेजल ओरडली नाही. हळूच म्हणाली, “तुला कळत नाही म्हणून तर मी तुझ्याजवळ बसायचे.” आणि जिना उतरून गेली.

नंतर जॅकलिनने बाकीच्यांनाही सांगून टाकलं. विकीने ‘वाट लागली’ म्हणत तोंड लपवलं, अनिरुद्धला तर म्हणे आधीपासूनच संशय होता. दोन दिवसांत सगळे हसून मोकळे झाले. तेजल मात्र मागच्या बाकावर जाऊन बसू लागली. घरी जॅकलिनने आईला, कार्मेनला, सगळं सांगितलं. कार्मेनला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लाज वाटली ती भाषेची की आमची, एवढंच तिने विचारलं. जॅकलिन आईच्या कुशीत शिरून पोटभर रडली.

मधल्या सुट्टीत ती त्या जिन्यावर जातच राहिली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. एकटी बसायची, डबा उघडायची, बंद करायची.

सबमिशनच्या धामधुमीत एक दिवस तेजल आली. कानाला फोन होता, आईशी बोलणं चालूच होतं. जॅकलिनकडे न बघता ती दोन पायऱ्या वर बसली. मग एक पायरी खाली सरकली. मग अगदी शेजारी आली. पलीकडून आईने काहीतरी विचारलं असावं. तेजलने आवाज जरासुद्धा खाली केला नाही.

“नाही गं, एकटी नाहीये,” ती म्हणाली. “मैत्रीण आहे बाजूला. हो, तिच्यासमोरच बोलतेय. कळू दे ना, तिला सगळं कळतं.”