दोन ओळी जास्त

"जागा चुकली की फळी बसत न्हाय." एवढं म्हणून आप्पा दुकानाची फळी परत उचलायचे, तिच्या पाठीवर डांबराने घातलेला आकडा बघायचे आणि उंबऱ्याच्या खाचेत अशी सोडायचे की आवाजसुद्धा होत नसे.

तुम्ही नवी पेठ पाहिली असेल ती दिवसा, माणसाला माणूस घासणारी. मी पाहायचो ती सकाळी, शाळेत शिकवायला जाताना, दुकानं उघडायच्या आधी. बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. पेठेत लोखंडी शटर नुकती यायला लागली होती, पण बऱ्याच दुकानांना अजून लाकडी फळ्याच होत्या. सकाळी त्या काढायच्या आणि संध्याकाळी लावायच्या, एवढ्या कामासाठी आठ-दहा दुकानांत मिळून हा एकच माणूस. सारी पेठ त्यांना आप्पा म्हणायची. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. आकडे मात्र बोट फिरवून अंधारातही सांगायचे.

कापडाचं सगळ्यात मोठं दुकान ते शेवटी उघडत. त्याच्या वरच्या दोन पायऱ्या घडीव, पण खालची ओबडधोबड काळ्या दगडाची, मध्ये झिजलेली. फळीला हात लावण्याआधी आप्पा वाकून त्या खालच्या पायरीला हात लावायचे आणि तो कपाळाला टेकवायचे. मला वाटे, हे मालकाला दाखवायला चाललंय. एकदा मी चेष्टेत विचारलंही, "काय आप्पा, लक्ष्मी पहिल्याच पायरीवर थांबते का?"

"व्हय की गुर्जी," ते हसून म्हणाले. "आमची थांबली हुती."

पुढे विचारावंसं मला वाटलं नाही. शाळेची घंटा व्हायची होती.

मग पेठेतल्या व्यापाऱ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि पेठेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी फुगलोच. वर्गाबाहेर माझं नाव कुठं छापून यायची ही पहिलीच वेळ. व्यापाऱ्यांकडे गेलो तर प्रत्येकाने आपल्या आजोबांचा फोटो काढून दिला आणि "बाकीचं तुम्ही लिहा चांगलंसं" म्हणून चहा मागवला. शेवटी एका रविवारी आप्पांनाच घेऊन पेठ पायी फिरलो.

काय काय सांगितलं त्या माणसाने! सराफाच्या दुकानाच्या जागी कडब्याच्या गाड्या सुटायच्या. कोपऱ्यावरच्या भांडेवाल्याकडे पूर्वी घोंगड्या मिळायच्या. गिरणीचा भोंगा झाला की कुठल्या बाजूने गर्दी आत शिरते, गड्ड्याच्या जत्रेला खेड्यातली माणसं आधी कुठं टेकतात, सगळं पाठ. बोलता बोलता कोणी विणकर बाई आली की तेलुगूत उत्तर, अत्तरवाल्याशी दखनीत थट्टा, आणि बैलगाडीवाल्याला कानडीत दम. मी वहीत लिहून घेत होतो आणि मनात वाक्यं सजवत होतो.

मोठ्या दुकानापाशी ते थांबले. खालच्या पायरीवर बसले. इतक्या दिवसांत मी त्यांना तिथं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"गुर्जी, ह्यो दगड दुकानाचा न्हाय. दुकानाच्या आदीचा हाय. ह्यावर आमची अव्वा, म्हंजी आई, बसायची, खण इकायला. मैंदर्गीस्नं बोचकं डोक्यावर घिऊन यायची. तिच्याकडं बाया यायच्या म्हणून मालकाच्या आज्जानं तिच्या मागं दुकान घातलं. चांगला माणूस, उटीवलं न्हाय तिला. लुगडं पायजे म्हणलं की ती आत धाडायची. मरंस्तवर हितंच बसली."

मी लिहून घेतलं.

"तेवढं लिवा की. नाव नको. हितं एक बाई बसत हुती, तेवढंच."

"लिहितो आप्पा," मी म्हणालो. आणि खरंच लिहिलं. दोन वाक्यं, आजही पाठ आहेत: 'या पेठेतील मोठ्या दुकानाच्या पहिल्या पायरीवर, दुकान होण्याच्याही आधी, मैंदर्गीहून आलेली एक बाई खण विकत बसत असे. दुकान तिच्या पाठीमागे उभे राहिले.'

छापखान्यात शेवटची तपासणी करत होतो. छपाईचे खिळे जुळवणारा म्हणाला, "गुर्जी, या पानावर दोन ओळी जास्त होतायत. कुठल्या काढू?"

कोणी मला काही सांगितलं नव्हतं. मालकाने दबाव आणला असता तर आज त्याच्यावर ढकलता आलं असतं. पण त्या बिचाऱ्याने पान पाहिलंही नव्हतं. त्याच पानाच्या सुरुवातीला माझं एक वाक्य होतं, सिद्धेश्वराच्या तळ्यात सोनेरी किरणं उतरतात आणि पेठ जागी होते, अशा थाटाचं. तेही बरोब्बर दोन ओळींचं. मला त्या वयात अशा वाक्यांचा भारी सोस. मी तळं ठेवलं आणि बाईवर बोट ठेवलं.

स्मरणिका निघाली त्या पाडव्याला आप्पा घरी आले. धुतलेला सदरा, पिशवीत स्मरणिका. ओट्यावर बसण्याआधी त्यांनी नळावर हात धुतले.

"वाचा की गुर्जी."

मी वाचू लागलो. ती जागा आली. खरं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून ती दोन वाक्यं बाहेर पडली, जणू समोर छापलेलीच आहेत. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

"कुटं हाय ते? बोट ठिवा."

मी बोट ठेवलं. कुठे ठेवणार? तळ्याच्या वाक्यावर ठेवलं. त्यांनी पेन्सिल मागितली, मी त्या वाक्याखाली रेघ मारून दिली. त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला.

"बसली बगा फळी," ते म्हणाले.

माझी बायको चहा घेऊन आली. आप्पांनी स्मरणिका आधी पिशवीत ठेवली, मग कप घेतला.

पुढची तीन-चार वर्षं दर पाडव्याला ते येत राहिले. दरवेळी तीच स्मरणिका, तेच "वाचा की". मी दरवेळी ठरवायचो की आज सांगायचं. एकदा सुरुवातही केली, "आप्पा, एक बोलायचं होतं..." तर म्हणाले, "आदी वाचा." एकदा घाईत शब्द गाळला, तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "'मैंदर्गीहून' ऱ्हायलं."

दरम्यान दुकानांना एकेक करून शटर लागली. मोठ्या दुकानाने काचेचं दार केलं आणि पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी बसवली, तिन्हींवर. त्या वर्षीही ते आले आणि "वाचा की" म्हणाले.

पुढच्या पाडव्याला त्यांची मुलगी आली. आप्पा महिन्यापूर्वी गेले होते, मला पत्ताच नव्हता. तिने पिशवीतून स्मरणिका काढून माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या म्हणले हुते."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो, "त्यांना त्या दोन ओळी फार आवडायच्या."

"कुटल्या?" ती म्हणाली. "रेघंवर तर तळ्याचं हाय की. मी सातवी झालेय गुर्जी. पयल्याच दिवशी वाचून दावलं हुतं त्यांस्नी."

मी विचारलं, "मग दरवर्षी कशाला यायचे?"

"म्या बी तेच इचारलं. तर म्हणले, छापलं न्हाय तर न्हाय. गुर्जीच्या तोंडात तर हाय. वरसातनं एकदा म्हणवून घ्याचं, न्हायतर त्येबी इसरतील."

ती गेली. मी तिला बस म्हणालो नाही, पाणी विचारलं नाही.

अजून पाडव्याला मी हात धुऊन ओट्यावर बसतो. स्मरणिका उघडतो, पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवतो आणि ती दोन वाक्यं मोठ्याने म्हणतो. आता वय झालंय, एखादा शब्द राहतोही. राहिला म्हणून सांगणारं समोर कोणी नसतं.