वॉकिंगकाकांची वंदना

मिल्टन कीन्स या मोटारींसाठी आखलेल्या इंग्रजी गावात कोणी पायी चाललेला दिसला, की याची गाडी बंद पडली असणार असंच लोकांना वाटतं. वॉकिंगकाकांसाठी इथल्या निम्म्या मराठी मंडळींनी कधी ना कधी गाडी थांबवली होती. काच खाली करून कोणी "काका, लिफ्ट देऊ का?" विचारलं, की ते छत्रीचं टोक जरासं उचलायचे आणि म्हणायचे, "नको. मी पोचून राहिलो." आणि पुढं चालू लागायचे. इथल्या मराठी मंडळातल्या पोरांनी त्यांना वॉकिंगकाका हे नाव दिलं आणि मग ते सगळ्यांच्याच तोंडी बसलं.

गंमत म्हणजे हा माणूस कौन्सिलच्या रस्ते खात्यात इंजिनिअर होता. या गावातले राउंडअबाउट, म्हणजे चौकांतले वाहतुकीचे गोल, आखण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. लायसन्स होतं, काकी होत्या तोवर गाडीही होती. काकी गेल्या आणि काकांनी ती विकून टाकली. मी एकदा कारण विचारलं. "शेजारची सीट रिकामी दिसते," ते म्हणाले, आणि लगेच सावरून घेत, "शिवाय इन्शुरन्स किती वाढला पाय."

काका नागपूरचे, बौद्ध. दर रविवारी सकाळी आणि दर पौर्णिमेला ते तळ्याकाठच्या जपानी देवळात जायचे. तळ्याच्या काठाला मोठा पांढरा स्तूप आहे. तिथं लोक फोटो काढतात, कुत्री फिरवतात आणि परत जातात. स्तूपाच्या पलीकडं झाडीत एक बसकं, शांत देऊळ आहे, ते फार कोणाला ठाऊक नाही. काका त्याला विहार म्हणत. विहारात चालतच जायचं, हा त्यांचा नियम. "मोटारीतला माणूस पार्किंगचा विचार करत येतो," ते म्हणायचे. "त्याला बुद्ध कुठून दिसणार?"

माझी त्यांची ओळख झाली ती मी वाट चुकले म्हणून. मी पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी नुकतीच इथं आले होते. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये एका राउंडअबाउटवर नापास होऊन बसले होते. इथं मोटारींपासून वेगळ्या, तांबड्या डांबराच्या पायवाटा आहेत, त्यांना रेडवे म्हणतात. त्या सगळ्या सारख्याच दिसतात, रस्त्याखालून जाणारी भुयारंही सारखीच. अशाच एका भुयारापाशी मी फोन हातात धरून गोल गोल फिरत होते. माझ्या खांद्यावर पुण्याच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी होती. समोरून आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी पिशवी वाचली आणि मग मला विचारलं, "कुठं चालली बाई?"

"सुपरमार्केटला."

"ते तर मागं राहिलं. आता आलीच आहे तर विहारात चल. दुकान चारपर्यंत उघडं असते."

अनोळखी माणसानं असं म्हटल्यावर एरवी मी काढता पाय घेतला असता. पण आठवडाभर ऑफिसबाहेर कोणी माझ्याशी एक वाक्यही बोललं नव्हतं. मी निमूट निघाले. चालताना माझ्या टेस्टचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी तो राउंडअबाउट कुठला ते नीट विचारून घेतलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "तो मी आखलेला नाही," ते म्हणाले.

देवळात एक वयस्कर जपानी भिक्षुणी हातातल्या पंख्यासारख्या डफावर ठेका धरून आपला मंत्र म्हणत असे. पुढं दोन-तीन इंग्रज बायका असत आणि काका मागं, दाराजवळ. काकांना तो मंत्र येत नव्हता, पण ते शेवटपर्यंत मांडी घालून बसायचे. मग भिक्षुणी आणि काका एकमेकांना वाकून नमस्कार करायचे. आधी सरळ कोणी व्हायचं हे ठरत नसल्यामुळं त्यात बराच वेळ जायचा. याखेरीज त्या दोघांत काही बोलणं झालेलं मी कधी ऐकलं नाही.

त्यानंतर काका बाहेर येऊन स्तूपाच्या पायरीवर बसायचे आणि आपली वंदना म्हणायचे. त्रिशरण, मग पंचशील. पाली भाषेतली, नागपूरच्या घरी लहानपणापासून म्हटलेली. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की ते एक ओळ म्हणतात आणि थांबतात. थोड्या वेळानं पुढची ओळ, पुन्हा थांबणं. मला वाटलं, वय झालं, विसरत असतील. दोन-तीन रविवार गेल्यावर मी धीर करून विचारलं, "काका, लिहून आणू का तुम्हाला मोठ्या अक्षरात?"

"काहून? मला पाठ आहे."

"मग मध्ये थांबता का?"

ते तळ्याकडं बघत म्हणाले, "तिथं सुजाताच्या आईची पाळी असते."

सुजाता म्हणजे त्यांची मुलगी. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी असंच चालायचं. काकांनी ओळ म्हणायची, काकींनी ती मागून म्हणायची. लग्न झाल्यापासून त्यात खंड नव्हता. एप्रिलातल्या जयंतीला बर्मिंगहॅमकडं मोठा मेळावा भरतो, तिथं शेकडो लोक मागून म्हणतात, काका तिथं जायचेही. पण तिथून परत आलं की घर आणखीच गप्प वाटतं, असं ते म्हणाले. त्यांना शेकडो लोक नको होते. आपली ओळ संपली की तिच्यामागून एक आवाज यावा, एवढंच हवं होतं, आणि ते या गावात कोणाकडं मागता येत नव्हतं.

जपानची गोष्ट त्यांनी मला त्याच पायरीवर सांगितली. रिटायर झाल्यावर दोघं एका टूरबरोबर जपानला गेले होते. टूरवाल्यांनी मोठमोठी देवळं दाखवली. सगळीकडं रांगा, तिकिटं, झेंडा धरलेले गाइड. काकी वैतागल्या. नारा शहरात असताना एका सकाळी दोघांनी टूरला फाटा दिला, साध्या गाडीत बसले आणि बरं दिसलं त्या छोट्या स्टेशनवर उतरले. भातखाचरांमधून चालत गेले, मग उंच झाडांतून दगडी पायऱ्या. वर एक लहानसं देऊळ. पायऱ्यांवर शेवाळं, आत अंधार आणि बुद्धमूर्ती, माणूस एकही नाही. दोघांनी चपला काढल्या, बसले आणि घरी म्हणतात तशी मोठ्यानं वंदना म्हटली. डोळे उघडून बघतात तो मागं एक म्हातारा भिक्षू गुडघे मोडून बसलेला, पुढ्यात चहाचे दोन पेले. वंदना संपेपर्यंत त्यानं चहा पुढं केला नव्हता.

"निघालो तर तो वळणापर्यंत आला बाप्पा, आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत वाकून उभा," काका म्हणाले. "खाली उतरताना ही काय म्हणाली माहीत आहे? म्हणे, इथं आपल्याला कोणी काही विचारलं नाही."

यातलं 'काही' म्हणजे काय ते मला कळायला गणपती यावे लागले. मंडळाच्या गणपतीला काका न चुकता यायचे. खुर्च्या मांडायचे, ताटं उचलायचे. आरती सुरू झाली की दाराशी जाऊन उभे राहायचे. त्या वर्षी नव्यानं आलेल्या एका बाईंनी त्यांना लाडवाची बशी देत गोड आवाजात विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"नागपूर."

"अच्छा. आणि आडनाव?"

"ते सांगतो," काका म्हणाले, "पण तुमचा खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तो पण विचारून टाका, म्हणजे दोघांचा वेळ वाचेल." बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. काकांनी लाडू उचलला, चांगला झालाय म्हणून सांगितलं आणि सगळा खाल्ला. मंडळात त्यांना वावगं असं कोणी कधी बोललं नाही, पण चहाला या असंही कोणी फारसं म्हटलं नाही. काका चार शब्द बोलायचे तेही खुर्च्या मोजताना.

पुढच्या रविवारी मी म्हणाले, "मी म्हणू का मागून?"

"तुला काहून? तुझे गणपती आहेत की. दया म्हणून म्हणणार असशील तर राहू दे."

"दया कसली? रविवारी मला तरी कोण आहे बोलायला?"

यावर त्यांनी सरकून पायरीवर जागा करून दिली. मी फोनवर ऐकून सगळं पाठच करून आले होते. काकांनी पहिली ओळ सुरू केली आणि मीही त्यांच्याबरोबर सुरू केली, खणखणीत आवाजात. दुसऱ्या ओळीला तर माझ्या नकळत टाळ्या वाजायला लागल्या. काका थांबले. त्यांना इतकं हसू लोटलं, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अगं, ही आरती आहे का? सगळ्यांनी मिळून ओरडायला?" ते म्हणाले. "इथं आधी ऐकायचं. मी म्हणेन, संपेल, मग तू. हात मांडीवर ठेव."

हात मांडीवर ठेवून, त्यांची ओळ संपेपर्यंत गप्प बसायला शिकण्यात माझे कितीतरी रविवार गेले. जन्मभराची सवय अशी थोडीच जाते. पण जमल्यावर मात्र आमचं छान चालू लागलं. थंडीत तोंडातून वाफा निघायच्या, हंस पायापर्यंत येऊन खायला मागायचे, आणि आम्ही दोघं आमच्या पाळ्या सांभाळत बसायचो. या देशात माझी कोणी वाट बघतंय, असं मला फक्त त्या पायरीवर वाटलं.

मग एकदा काका स्वयंपाकघरात पडले आणि बराच वेळ कोणाला कळलं नाही. त्यांची मुलगी सुजाता ग्लासगोला डॉक्टर आहे, ती धावत आली. तिचा जन्म इथलाच. "मीनल, बाबाचा बॅलन्स गेला आहे," ती मला म्हणाली. "त्याला एकटं ठेवणं इज नॉट सेफ. मी त्याला घेऊन जाणार." तिचं खरंच होतं. काकांनाही ते पटत होतं, म्हणूनच ते भांडले नाहीत. निघायच्या आधी तिनं त्यांना तळ्यावर नेलं, गाडीनं. काका गाडीतून उतरले नाहीत. भिक्षुणीच पार्किंगपर्यंत आली आणि वाकली. या खेपेला आधी सरळ व्हायची वेळ तिच्यावर आली, कारण काकांनी मान वर केलीच नाही.

ग्लासगोहून दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मी पायरीवर जाऊन बसायचे, ते तिकडून ओळ म्हणायचे, मी इकडून. फोन सुरू झाला की ते सांगायचे, "थांब, दार लावून घेतो. फोन स्पीकरवर आहे, सुजाताला डिस्टर्ब नको." तिकडंही त्यांनी एक बौद्ध केंद्र पाहिलं होतं. "डोळे मिटून गप्प बसतात," त्यांनी अहवाल दिला. "गप्प तर मी घरीही बसतो."

"काका, सुजाताला शिकवा की," मी एकदा म्हणाले.

"तिला यातलं काही येत नाही. शाळेत पोरं हसतील म्हणून आम्हीच जोर केला नाही. आता दिवसभर हॉस्पिटलात दमते ती. तिच्या मागं काय लागायचं?"

त्या हिवाळ्यात त्यांचा आवाज बारीक होत गेला. ओळी तुटायच्या, पण मी शिकल्याप्रमाणं थांबायचे. फेब्रुवारीत, रविवार उजाडायच्या आधीच सुजाताचा फोन आला.

मी ट्रेननं ग्लासगोला गेले. बर्मिंगहॅमच्या मेळाव्यातली माणसं येऊन गेली, सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि घरात आम्ही दोघीच होतो. चहा झाल्यावर सुजाता म्हणाली, "तुमचं ते संडेचं म्हणायचं का? बाबाच्या रूममध्ये?"

आम्ही त्यांच्या पलंगासमोर खाली बसलो. पुढं म्हणायची सवय मला नव्हती, पण दुसरं होतं कोण? मी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. थांबायचं असतं म्हणून थांबले, दुसरं काही मनात नव्हतं.

सुजातानं ओळ म्हटली. पुरी, स्वच्छ, शेवटाला हळूच वर नेलेली. मी दुसरी म्हटली, तिनं दुसरी म्हटली. त्रिशरण झालं, पंचशील झालं, ती कुठं अडखळली नाही.

"हे तू कधी शिकलीस?" मी विचारलं.

"शिकलं नाही. ते आईचं आहे," ती म्हणाली. "मी वर होमवर्क करायची आणि खालून रोज ऐकू यायचा. मला फक्त आईचंच येतं. बाबाचं नाही येत."

"मग काकांच्या मागून का नाही म्हणालीस?"

"तो दार लावायचा ना. मला वाटलं, त्याला प्रायव्हसी पाहिजे. मी बाहेर बसायची, स्टेअर्सवर. तू फोनमधून म्हणायची, तेव्हा मी पण म्हणायची. हळू."

मला रडू आवरेना. ज्या आवाजासाठी तो माणूस इतकी वर्षं आपली ओळ संपवून थांबत होता, तो एका दाराच्या पलीकडं बसला होता आणि त्याला ते कोणी सांगितलं नाही.

"एकदा आत जायचं होतं मला," सुजाता म्हणाली. "पण माझं मराठी असं. वाटलं, बाबा करेक्ट करत बसेल."

तिनं म्हटलेल्या ओळींत करेक्ट करण्यासारखं काहीच नव्हतं.