भोकरच्या देवघरातलं कोपेक

लातूरहून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा पिशवीत भिंग, सुती हातमोजे आणि एक रिकामा कप्पा उरलेला अल्बम होता. झारच्या काळातली रशियन तांब्याची नाणी जमवण्याचं खूळ मला बावीस वर्षांपासूनचं. कोपेक (तिथला पैसा) बरेच मिळाले, पण पाच कोपेकचं बिस्किटाएवढं जाड नाणं मात्र सतत हुलकावणी देत होतं. आणि ते निघालं कुठे, तर भोकरला! गंगाधरराव नावाच्या शेतकऱ्यांना आजोबांच्या पेटीत सापडलं. त्यांनी फोटो पाठवला : जुन्या तांब्याचा तो काळपट रंग, वर दोन डोक्यांचा गरुड. मी हरखून फोनवर म्हणालो, "फार मोलाचं आहे, नीट जपा, मी येतोच." ते द्यायलाही तयार होते.

नांदेडला गाडी बदलण्याआधी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता) खाल्ली. पिशवीतून डोकावणारे हातमोजे पाहून शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर हायत का? माझा गुडघा लई दुखून राहिला." जुनी नाणी शोधतो म्हटल्यावर त्यांनी स्वतःची पिशवी पलीकडच्या बाजूला सरकवली.

गंगाधररावांचं घर भोकरच्या स्टँडमागेच होतं. चहा झाला. मी हातमोजे चढवले. त्यांच्या पत्नी फुलाबाई देवघरातून नाणं घेऊन आल्या. नाणं लखलखत होतं!

"हे... धुतलंत?"

"चिंच लावून घासलं की! तुम्हीच म्हणलात, लई मोलाचं हाय, जपा. म्हणून देवघरात ठेवलं. देवळावर असतो तसा गंडभेरुंड (दोन डोक्यांचा पक्षी) हाय त्याच्यावर. आन देव म्हणल्यावर घासायला नको?"

जुना रंग गेला की जाणकार अशा नाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मला रडू यायचं बाकी होतं, आणि रागावणार कुणावर? जपा म्हणणारा मीच.

"देवाला हातमोजे कशाला?" म्हणत फुलाबाईंनी माझा मोजा ओढून काढला आणि नाणं माझ्या उघड्या तळव्यावर ठेवलं. गार, जड, चिंचेचा किंचित वास. इतक्या वर्षांत मी माझ्या एकाही नाण्याला असा हात लावला नव्हता. मला ते अजूनच हवंसं वाटलं.

"नेऊन काय करता त्याचं?"

"अल्बममध्ये ठेवतो. प्लास्टिकच्या कप्प्यात. कुणी हात लावत नाही."

फुलाबाईंनी नाणं परत घेतलं. "मग न्हाई देत. कोंडून घालायला न्यायचं व्हय? इथं रोज फूल मिळतंय त्याला."

गंगाधरराव छताकडे पाहू लागले. घरात शेवटचा शब्द कुणाचा, ते मला कळलं. निघताना फुलाबाईंनी पिशवीत शेंगा कोंबल्या.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि रिकाम्या कप्प्यात चिठ्ठी सरकवली : "पाच कोपेक, मुक्काम भोकर." मग सगळा अल्बम चाळला. इतकी नाणी, आणि एकालाही फूल नाही. मी हातमोजा न घालता त्यातलं एक बाहेर काढलं. ते पाहून बायको दारातच थबकली आणि म्हणाली, "चिंच भिजत घालू?"

बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी लगेच "नाही" म्हणालो नाही.