मामांनी सरळ केलेली भिंत

गवंडीकामात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे मामांनी स्वतःच सांगितलेलं असल्यामुळे त्यावर वाद घालायची सोय नव्हती. वाकडी भिंत दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी एक डोळा मिटून भिंत बघणार, मग चहाला हात लावणार. ओळंबा, म्हणजे दोरीला लोंबणारं ते वजन, कायम खिशात. कामावरचे लोक त्यांनाच ओळंबा म्हणायचे.

वय झालं, कामं आटली. मामा घरात बसून सगळ्यांवर खेकसू लागले, तेव्हा लेकीने नवऱ्याच्या मागे लागून त्यांना त्याच्या कामावर घ्यायला लावलं. जावई काच बसवणारा. जुन्या दगडी पोस्टाचं आता वाचनालय झालं होतं, मागे नवी इमारत उभी राहिली होती, आणि दोन्ही जोडायला मधे काचेचा रस्ता करायचा होता. भिंती काचेच्या, छप्पर काचेचं, छप्पर पेलणाऱ्या तुळयासुद्धा काचेच्या. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं."

जावई स्वभावाने सोनं, पण भलताच मान देणारा. "मामा, तुम्ही कशाला? बसा." खुर्ची दिली. काम दिलं काचेवर लक्ष ठेवायचं. काच अजून कारखान्यातून यायची होती. मामा लक्ष ठेवत बसले. बाकीच्यांवर जावई खच्चून ओरडायचा. मामांशी मात्र आजाऱ्याशी बोलावं तसा मऊ आवाज. मामांच्या जिवाला ते फार लागायचं. जन्मभर राबलेला माणूस, आणि आता शोभेला! एकदा तरी या माणसाने आपल्याला कामाचं समजावं, एवढंच त्यांना हवं होतं.

समोर पोस्टाची भिंत. वर आत, खाली आत, मधे पोट सुटलेलं. आणि काच तर सरळ असणार, म्हणजे वर-खाली फटी राहणार. चार लोकांत जावयाची शोभा होणार की! पण सासऱ्याने जावयाला काम विचारावं कसं? आणि जावयाने सासऱ्याला समजावून सांगावं, तर तो आगाऊपणा. दोघांनी एकमेकांचा मान राखला. घोळ झाला तो तिथेच.

सुट्टीच्या दिवशी मामा एकटेच गेले. पोटाच्या वर-खाली चुना भरून भिंत एका रेषेत आणली. ओळंबा सोडून पाहिला. केसभर फरक नाही. अशी भिंत त्यांच्या हातून तरुणपणीही झाली नव्हती. घरी येऊन ते डाराडूर झोपले.

सकाळी क्रेन आली, काच आली. काच हवेत लटकत भिंतीशी आली, आणि मामांना दिसलं की तिची कडच वाकडी आहे. भिंतीचं पोट बरोबर मावेल अशी आत वळवून कापलेली. जुन्या भिंतीला हात लावायचा नाही, वाकायचं ते काचेने, असं आर्किटेक्ट बाईंनी ठरवलं होतं. जावयाने प्लायवूडवर पोटाचा आकार उतरवून कारखान्याला दिला होता, आणि काच तशी कापून मग भट्टीत कडक केली होती. आता तिला पुन्हा कापायला गेलं की चुराच. हे कामावर सगळ्यांना ठाऊक होतं. खुर्चीवरच्या माणसाला सोडून.

"ही भिंत सरळ कुणी केली?" जावई गरजला.

मामा उठले. "मी."

"राहू द्या मामा, तुम्ही..." तोच मऊ आवाज. मग त्याची नजर लटकलेल्या काचेकडे गेली. "अहो, राहू द्या कसलं! अक्कल गहाण टाकली होती का? विचारायला तोंड नव्हतं? घ्या छिन्नी, फोडा ते! बघताय काय? आणि दगडाला ओरखडा आला तर माझ्याशी गाठ आहे!"

मामांनी फोडलं. चुना ओलाच होता, भराभर सुटला. आयुष्यातली सर्वांत सरळ भिंत ढिगाने पायाशी पडत होती, आणि मामांना वाईट वाटत होतं, अगदी रडू येण्याइतकं. शेजारी जावईही फोडत होता. "सावकाश! तिथे नको! डोळे कुठे आहेत तुमचे?" दुपारी काच खाली आली आणि जागेवर चपखल बसली.

संध्याकाळी मामा जेवायला बसले, तेवढ्यात लेक तणतणत आली. "बाबा, सगळ्यांदेखत तुम्हाला वाट्टेल ते बोलले म्हणे! येऊ देत आज घरी, बघतेच त्यांच्याकडे."

मामांचा घास हातातच राहिला. "खबरदार! एक अक्षर बोलू नकोस. मोठ्या मुश्किलीने ओरडायला लागलेत. पुन्हा मान द्यायला लागतील."