ट्रॅम्पोलीनवरचा कीस

लंडनजवळच्या आमच्या हॅरोतला हिवाळा सासूबाईंना अजिबात मानवला नाही. नोव्हेंबरअखेर त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि जानेवारीत रस्त्यावरचा बर्फ पाहून ज्या रेडिएटरला चिकटून बसल्या, त्या उठेचनात. दोन स्वेटर, कानटोपी आणि तोंडातून अक्षर नाही. मार्च लागताच मुलाला म्हणाल्या, "मला लवकर परत पाठव." नवऱ्याने मेअखेरच्या तिकिटाऐवजी अलीकडचं तिकीट बघून ठेवलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. त्या अशा मिटलेल्याच परत गेल्या असत्या तर मला जन्मभर टोचलं असतं. शिवाय, खरं सांगते, मला त्या घरात हव्या होत्या.

आणि त्याच शनिवारी ऊन पडलं! मी वेडीच झाले. शेजारचे आजोबा तेरा डिग्रीत हाफ पँट घालून गवत कापायला निघाले. कुंपणापाशी क्रोकसची जांभळी फुलं वर आली होती. मी तीन महिन्यांनी धुणं बाहेर वाळत घातलं आणि चिमटे लावता लावता बेसूर गायला लागले.

मागचं सरकतं दार उघडलं. सासूबाईंनी आधी नुसता हात बाहेर काढून ऊन तपासलं, मग पायमोज्यांवर चपला चढवून आल्या.

"अगं, बटाटे आहेत का घरात?"

"आहेत की. किती हवेत, आई?"

"असतील तेवढे आण. एवढं ऊन काय वाया घालवायचं?"

इथलं मार्चचं ऊन फक्त बघायला असतं, हे मी सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी माझाही त्याच्यावर विश्वास बसला होता. उपवासाच्या चिवड्यासाठी म्हणून आम्ही पाच किलो बटाटे अर्धवट उकडून किसले. वाळवायला गच्ची नाही, जमीन ओली. मग लेकीच्या ट्रॅम्पोलीनवर जुनी चादर अंथरली आणि वर कीस पसरला.

"आजी, माझी ट्रॅम्पोलीन का घेतला? दॅट्स सो अनफेअर!" लेक किंचाळली.

"दोन दिवस उड्या मारल्या नाहीस तर काही बिघडत नाही," म्हणत आजी हातात छत्री घेऊन खारींवर पहारा द्यायला बसल्या. कानटोपी त्यांनी कधी काढली, मला कळलंही नाही. कुंपणापलीकडच्या आजोबांना त्या अस्सल पुणेरी मराठीत कीस समजावत होत्या आणि ते दर वाक्याला "लव्हली, लव्हली" म्हणत होते.

दोन वाजता गारा आल्या. तेही ऊन असताना! आम्ही सगळे धावलो, पण तोवर ट्रॅम्पोलीनवर गारा आणि कीस मिळून उड्या मारायला लागले होते. एक पुंजका नवऱ्याच्या चष्म्यावर जाऊन बसला. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. मला वाटलं, झालं, संपलं. जवळ गेले तर त्या पोट धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही सुटलेच.

आत आल्यावर त्या केस पुसत होत्या. नवऱ्याने हळूच विचारलं, "आई, तिकिटाचं काय कळवू?"

त्याच्याकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "इथे खरं ऊन कधी पडतं गं?"

"मेमध्ये," मी बेधडक सांगितलं. "मेमध्ये तर नुसते भाजून निघतो आपण."

"खोटं बोलतेस," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "आहे तेच तिकीट राहू दे."